टपाचे तेल

हौसेला मोल नसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. मोल नसेल, पण हौसेला चाकरी असते, आणि ती बहुधा हौस करणाराच्या मागून येणाऱ्यांना करावी लागते, एवढे त्या म्हणीत सांगावयाचे राहून गेले आहे. वाडवडिलांनी हौसेने आणलेली तांब्याची घंगाळे, झोपाळ्याच्या पितळी कड्या, भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ, अशा वस्तू ज्यांच्या घरी आहेत त्यांस माझे म्हणणे सहज उमगेल. घंगाळाला चिंच लागते, कड्यांना तेल लागते, घड्याळाला आठवड्याच्या आठवड्यास किल्ली द्यावी लागते. आमच्या घरी या यादीत आणखी एका वस्तूची भर आहे, आणि तिची चाकरी या सर्वांहून अवघड आहे. ती म्हणजे यंत्राने उघडमीट होणारा टप असलेली एक जुनी अमेरिकन मोटार.

आमचे मंठा हे जालन्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. भोवताली काळी जमीन, तीत कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. रेल्वे गाठावयाची तर परतुरास जावे लागते. अशा गावी १९५९ सालची शेवरलेट कशी येऊन पोहोचली, असा प्रश्न पाहुण्यांना पडतोच. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईस शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता, परंतु १९५४ मध्ये तो बंद झाला. त्यानंतर अशा गाड्या येथे आल्या त्या तुरळक, आणि त्यांतील पुष्कळशा परदेशी वकिलातींच्या अधिकाऱ्यांबरोबर. हे अधिकारी मायदेशी परत जाताना आपल्या मोटारी येथेच सोडून जात आणि सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत त्यांची विक्री होई. आमच्या थोरल्या काकांनी १९६७ साली तीतलीच एक घेतली. मंठा तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. काका परभणीस वकिली करीत. वकिलाने वकिलातीची मोटार घेतली यात अनुचित ते काय, असे म्हणून आजोबांनी त्या खर्चाकडे काणाडोळा केला, असे घरात सांगतात.

मोटारीचे सुकाणू डाव्या हाताला आहे, आणि मागच्या बाजूस तिचा पत्रा घारीच्या पंखांसारखा आडवा पसरलेला आहे. पण गावाला तिचे खरे नवल वाटले ते टपाचे. टांग्याचा किंवा बग्गीचा टप हाताने मागे ढकलावयाचा, हे सर्वांनी पाहिलेले. येथे चालकाने जागच्या जागी बसून एक खिट्टी दाबली की टप आपोआप उचलला जाई, घडी होऊन मागे जाऊन बसे, आणि पुन्हा दाबली की उभा राही. पोळ्याच्या दिवशी बैल मिरवून झाले की मुले वाड्यासमोर जमत आणि काकांना टप उघडून दाखवावाच लागे.

अमेरिकेत या सोयीचा आरंभ १९३९ साली प्लिमथ गाडीने केला. तीत टप उचलण्याचे काम निर्वात नळकांड्यांकडून करून घेतलेले होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर जनरल मोटर्सने आपल्या भारी गाड्यांत द्रवाच्या दाबाने हे काम करून घेण्याची युक्ती रूढ केली, आणि पुढे तीच सर्वत्र पसरली. आमच्या मोटारीत हीच युक्ती आहे. मागच्या आसनाच्या पाठीशी एक लहानशी विजेची मोटर, तिला जोडलेला पंप आणि तेलाची टाकी, असा एक गठ्ठा बसविलेला आहे. तेथून रबरी नळ्या दोन्ही बाजूंस जातात आणि एकेका नळकांड्याच्या खालच्या व वरच्या तोंडास मिळतात. नळकांड्यात एक दट्ट्या असतो. त्याचा दांडा टपाच्या लोखंडी कमानीला अडकविलेला असतो. मोटर एका दिशेने फिरली की तेल नळकांड्यांच्या खालच्या भागात शिरते, दट्टे वर ढकलले जातात आणि टप उभा राहतो. ती उलट फिरली की तेल वरच्या भागात शिरते आणि टप खाली ओढला जातो. यापलीकडे या यंत्रात गूढ असे काही नाही.

ज्या नियमावर हे चालते तो पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने मांडला. त्याचा या विषयावरचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, एवढाच तो नियम. म्हणजे एक चौरस इंचाच्या दट्ट्यावर दहा शेर भार दिला, आणि त्याच द्रवाला भिडलेला दुसरा दट्ट्या दहा चौरस इंचांचा असला, तर तो शंभर शेर उचलू शकेल. मात्र पहिला दहा इंच सरकेल तेव्हा दुसरा एकच इंच सरकेल. निसर्ग फुकट काही देत नाही. तो फक्त सुटे करून देतो. १७९५ मध्ये ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने या नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. आमच्या मुलखाला ही विद्या परकी नाही. सरकी काढलेल्या कापसाच्या गाठी बांधणारे प्रेसिंगचे कारखाने मराठवाड्यात मोटारींचा सुळसुळाट होण्यापूर्वीपासून आहेत, आणि तेथे ढिगाएवढा कापूस गाठीएवढा होतो तो याच दाबाने. पुढे ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरचा नांगर मागे उचलला जातो, ट्रॉली वाळू ओतण्यासाठी मान वर करते, तेही हेच. आमच्या टपाची आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या ट्रॉलीची जात एकच आहे. एकीला शहरी कापड नेसविले आहे, एवढाच भेद.

ही गोष्ट ध्यानी आली म्हणजे चाकरीही ध्यानी येते. पहिले पथ्य हे की, टप वापरला पाहिजे. कोंडलेल्या तेलाच्या सोबतीला आत रबराची कडी असतात. दट्ट्याभोवतीची जागा तीच बंद करतात. टप महिनोन्महिने हलला नाही की ही कडी एका जागी बसून कडक होतात, आणि मराठवाड्याच्या वैशाखात तर त्यांना चिरा पडण्यास वेळ लागत नाही. महिन्यातून एकदा तरी टप पूर्ण उघडावा व पूर्ण मिटावा. हे करताना मोटार उभी असावी आणि इंजिन चालू असावे, म्हणजे बॅटरीवर ताण येत नाही. समोरच्या काचेवरच्या पकडी आधी सोडाव्यात. टप जागी बसला की खिट्टीवरचे बोट तत्काळ काढावे. पुढे दाबून धरल्याने टप अधिक बसत नाही, मोटर मात्र तापते. पावसात भिजलेले कापड घडी करून ठेवू नये, त्याला बुरशी धरते. आणि कमानींच्या बिजागऱ्यांना थेंब थेंब तेल देत जावे, कारण बिजागरी अडली तर तिचा राग पंपावर निघतो.

दुसरे पथ्य गळतीचे. दोन्ही नळकांड्यांना तेल एकाच पंपातून मिळते. एका बाजूचे कडे झिजले तर ती बाजू मागे पडते, कमान तिरपी होते आणि कापड ओढले जाते. टप एका खांद्याने उठू लागला की जाणावे, एका नळकांड्याची प्रकृती बिघडली. टप धडपडत उठू लागला आणि पंप गुरगुरू लागला तर आत हवा शिरली असे समजावे. अशा वेळी टाकीत तेल पुरवून टप पाच-सात वेळा वरखाली करावा, म्हणजे हवा टाकीत येऊन निघून जाते. टप उभा असताना दट्ट्यांचे दांडे नळकांड्यांबाहेर असतात आणि मिटलेला असताना आत. त्यामुळे टाकीतील तेलाची पातळी दोन्ही वेळां सारखी दिसत नाही. ती कोणत्या स्थितीत पाहावी, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, तेच प्रमाण मानावे.

तिसरे पथ्य तेलाचे, आणि खरा प्रपंच तेथेच आहे. त्या काळच्या अनेक अमेरिकन गाड्यांत टपासाठी ब्रेकचेच तेल घालीत. हे नावाचे तेल; वस्तुतः ते ग्लायकॉल जातीचे द्रव्य आहे. त्याचा एक गुण असा की ते हवेतील ओलावा शोषून घेते. आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटते तसाच हा प्रकार. आणि ते पाणी मग आतल्या लोखंडाला गंज आणते. दुसरा गुण असा की ते रंगावर सांडले तर रंग सुटून येतो. पुढील काळात टपासाठी गिअरपेटीचे तांबडे खनिज तेल वापरू लागले. त्यात हे दोष नाहीत. पण म्हणून जुन्या गाडीत ते खुशाल ओतावे असे मात्र नाही. ब्रेकच्या तेलाला चालणारे रबर खनिज तेलात बुडाले की फुगते आणि लिबलिबीत होते. उलट खनिज तेलासाठी बनविलेले नायट्राइल जातीचे रबर ब्रेकच्या तेलात टिकत नाही. तेलाची आणि रबराची पत्रिका जुळली पाहिजे. न जुळल्यास संसार मोडतो, आणि तो मोडल्याचे प्रथम मागच्या आसनाच्या गादीवर दिसते.

आता ही पत्रिका पाहावयाची कोणी आणि कशावरून, हा प्रश्न आमच्या घरी गेल्या वर्षी उभा राहिला. काका जाऊन तीन वर्षे झाली होती. त्यांच्या हयातीत मोटारीकडे दुसऱ्या कोणास पाहावे लागले नाही, आणि म्हणूनच कोणास काही माहीतही नव्हते. पुतणीचे लग्न वैशाखात ठरले. वरात याच मोटारीतून निघावी अशी तिची इच्छा. चैत्रात टप उघडून पाहिला, तो डावी बाजू वर आली आणि उजवी अर्ध्यावर थांबून राहिली. त्याच सुमारास मोटार विकण्याचा विषयही घरात निघाला होता. आम्ही भाऊ आता तीन गावी आहोत आणि एक परदेशी. मोटार सर्वांची, म्हणजे चाकरी कोणाचीच नाही, असा तिढा. एक गिऱ्हाईक चांगली किंमत देण्यास तयार होते, पण टप चालता असेल तरच. धाकट्या भावाचे मत असे की ते सगळे यंत्र काढून टाकावे आणि टप हाताने उचलावा. मधल्याचे मत असे की जे काही करावयाचे ते लग्नापूर्वी करावे आणि लग्नानंतर गाडी देऊन मोकळे व्हावे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

एका मोठ्या शहरात जुन्या मोटारी दुरुस्त करणारा एक कारखाना आहे, त्यांना विचारले. त्यांनी सौजन्याने सर्व ऐकून घेऊन सांगितले की, गाडी १९५९ ची आहे, तर मूळ पुस्तिकेप्रमाणे टाकीत ब्रेकचे तेल भरा, हवा काढा, आणि तरीही उजवी बाजू न उठल्यास नळकांडे आमच्याकडे पाठवा. पुस्तिका आमच्यापाशी होतीच. तीतही तसेच लिहिलेले. टाकीचे झाकण काढून पाहिले तर तेल खाली गेलेले, आणि उरलेले इतके काळवंडलेले की मूळ रंग ओळखू येऊ नये. जणू काढा आटवून ठेवलेला. ब्रेकच्या तेलाचे डबे आणले. तेल ओतण्यासाठी गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीस बोलाविले, कारण मागचे आसन काढण्याचे काम आमच्याने होण्यासारखे नव्हते.

मिस्त्रीने आसन काढले, नळ्या बोटांनी चाचपल्या, आणि डबा हातात न घेता तो म्हणाला, “मालक, पुस्तकातलं खरंच असंल. पण ह्या नळ्या मूळच्या न्हाईत. ह्या ट्रॅक्टरच्या हायत. आत काय हाय ते आधी बघू द्या.”

ओसरीवर काकू वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचे वय सत्त्याऐंशी. मोटारीच्या या सगळ्या खलबतांत त्यांना कोणी काही विचारले नव्हते. मोटारीतले त्यांना काय कळणार, असे कोणी बोलून दाखविले नाही इतकेच. त्यांनी वात ठेवली आणि म्हणाल्या, “अरे, ते तेल लाल होतं.”

“कोणतं तेल, काकू?”

“हेच, टपाचं. माझं मोतिया रंगाचं लुगडं त्या तेलानं गेलं. डाग अगदी कुंकवासारखा. पण कुंकू धुतलं की जातं. हा काही गेला नाही. यांनी तेल बदललं ते धाकट्याच्या मुंजीच्या आदल्या दिवशी. घरात ग्रहमख चाललेलं आणि हे अंगणात गाडीखाली. मी बोलवायला गेले तर हात पुसायला माझाच पदर.”

धाकट्याची मुंज १९८७ साली झाली, याविषयी घरात दुमत नव्हते. काकांनी मोटारीची म्हणून निराळी वही ठेवलेली नव्हती. पण घराची रोजकीर्द ते शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने लिहीत. त्या सालची वही माळ्यावरच्या पेटीतून काढली. मुंजीच्या खर्चात, केळीच्या पानांच्या आणि आचाऱ्याच्या विड्याच्या मध्ये, त्यांच्या वळणदार बाळबोध अक्षरांत एक ओळ निघाली: जालन्याहून टपाचे लाल तेल, रबरी नळ्या व कडी. खाली रक्कम. एवढेच.

घर वकिलाचे असल्यामुळे तोंडी पुरावा झाला, लेखी पुरावा झाला, तरी प्रत्यक्ष पाहणी व्हावी असे सर्वांस वाटले. ती मिस्त्रीने अर्ध्या मिनिटात करून दाखविली. काकूंनी दिलेल्या काचेच्या वाटीत पाणी घेऊन त्याने टाकीतल्या काळ्या तेलाचे दोन थेंब सोडले. ब्रेकचे तेल पाण्यात विरघळून जाते. खनिज तेल वर तरंगते. (सिलिकोनचे एक निराळे ब्रेकचे तेलही आता मिळते, तेही पाण्यात मिसळत नाही, पण ते जांभळ्या रंगाचे असते आणि जुन्या गाड्यांत मूळचे नसते.) थेंब वर तरंगत राहिले. उन्हात वाटी धरली तेव्हा त्या काळेपणाच्या कडेला किंचित तांबूस झाक दिसली. काकूंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “हाच रंग.”

पुढचा उलगडा सोपा होता. १९८७ साली मूळ कडी झिजली असतील. ती अमेरिकेहून मागविणे मंठ्याच्या वकिलास शक्य नव्हते. काकांनी मग असे केले की, ट्रॅक्टरच्या यंत्राला लागणारी, जालन्यात सहज मिळणारी नायट्राइलची कडी मापाने निवडून बसविली, नळ्याही तशाच घातल्या, आणि त्यांना सोसणारे तांबडे तेल भरले. म्हणजे पुस्तिका अमेरिकेच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीविषयी बोलत होती, आणि त्या गाडीविषयी ती खरेच बोलत होती. शहरातल्या कारखान्याचा सल्लाही त्याच गाडीपुरता बरोबर होता. परंतु आमच्या अंगणात उभी असलेली मोटार आता निराळी होती. तिच्या पोटात काय आहे हे जगातील कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते; ते एका रोजकीर्दीत आणि एका लुगड्यावर लिहिलेले होते. ब्रेकचे तेल ओतले असते, तर काही दिवस टप सुरेख चालला असता. वरात निघून गेली असती, गिऱ्हाईकाने गाडी नेली असती, आणि मग कधीतरी कडी सुजून, फाटून ते रंग खाणारे द्रव्य परक्याच्या अंगणात गळत राहिले असते. आमच्या हातून एका अनोळखी माणसाची फसवणूक झाली असती, आणि ती आम्हांला कळलीही नसती. मला त्या दिवशी सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते या विचाराने.

दुरुस्तीस दोन दिवस लागले. उजव्या नळकांड्याचे वरचे कडे खरोखरच चिरले होते. मिस्त्रीने दोन्ही नळकांडी उतरविली, आतली भिंत गुळगुळीत आहे, तिला ओरखडा नाही, हे बोट फिरवून पाहिले, आणि दोन्हीकडची कडी बदलली. एकच बदलणे त्याला मान्य नव्हते. जोडीतला एक बैल नवा आणि एक थकलेला असला तर जू तिरपे चालते, असे तो म्हणाला. जुने तेल सर्व काढून टाकून नवे तांबडे तेल भरले. पहिल्या खेपेस टप गुरगुरत, अडखळत उठला. सातव्या खेपेस दोन्ही खांद्यांनी बरोबर उठला. वाड्यासमोर मुले जमली होतीच. वैशाखातली वरात त्याच मोटारीतून, टप उघडून निघाली.

यंत्रांविषयी आपल्या घरांतून दोन टोकांच्या समजुती असतात. एक अशी की, यंत्राचे सर्व काही पुस्तकात असते. ज्याला इंग्रजी येते त्याला यंत्र येते. दुसरी अशी की, ते मिस्त्रीच्या हातात असते. आपण पैसे द्यावे आणि बाजूस उभे राहावे. दोन्हींत थोडे थोडे खरे आहे. परंतु जी वस्तू दोन-तीन पिढ्या एका घरात नांदली, तिला त्या घराचे पाणी लागलेले असते. तिच्यात कोणीतरी काहीतरी बदललेले असते, आपल्या ऐपतीप्रमाणे, आपल्या गावात मिळाले ते वापरून. आणि तो बदल हीच तिची खरी प्रकृती होऊन बसते. घरातल्या जुन्या माणसाच्या औषधाबाबत आपण हे जाणतो. वैद्य कितीही मोठा असो, पूर्वी कोणते औषध सोसले आणि कोणते सोसले नाही हे तो आधी घरच्यांना विचारतो. मोटारीला हे विचारणारा कोणी नव्हता. आणि सांगू शकणारे माणूस ओसरीवर वाती वळीत होते.

एकत्र कुटुंबात ज्ञान हे असेच विखुरलेले असते. विहिरीचा झरा कोणत्या बाजूने येतो हे एकाला ठाऊक, देव्हाऱ्याच्या कुलपाची खुबी दुसऱ्याला, वाड्याच्या कोणत्या तुळईला वाळवी लागून गेली होती हे तिसऱ्याला. सर्व एकाच ओसरीवर राहतात तोपर्यंत ते लिहून ठेवण्याची गरज कोणास भासत नाही; हाक मारली की उत्तर मिळते. घर चार गावी गेले की ती हाक पोहोचत नाही. आणि ज्यांना पूर्वी कोणी विचारीत नसे, त्यांच्यापाशी किती होते हे तेव्हा कळते. काकूंना तीन वर्षांत आम्ही प्रकृती विचारली, जेवण विचारले, काशीस जावयाचे का तेही विचारले. मोटारीविषयी विचारले नाही. त्यानंतर मात्र आमच्या धाकट्या भावजयीने एक शिरस्ता घातला आहे. दर रविवारी ती काकूंजवळ वही घेऊन बसते आणि घरातली एकेक वस्तू घेऊन तिचे कूळकथन लिहून घेते. केव्हा आणली, कोणी मोडली, कोणी नीट केली, काय घालून नीट केली. आतापर्यंत पन्नासएक पाने झाली आहेत. जात्याचा खुंटा बाभळीचा आहे आणि तो सागाचा का केला नाही, हे मला त्यातून प्रथमच कळले.

मोटार ठेवावी की विकावी, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. धाकटा भाऊ यंत्र काढण्याचा आग्रह आता धरीत नाही. मधला गिऱ्हाईकाशी अजून बोलणे चालू ठेवून आहे. तूर्त एवढे ठरले आहे की, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जो भाऊ मंठ्यास असेल त्याने टप एकदा उघडून मिटावा, टाकीतील तेल पाहावे आणि वहीत सही करावी. गाडी पुढेमागे विकलीच, तर १९८७ च्या त्या ओळीची आणि वहीतील सर्व पानांची नक्कल तिच्याबरोबर जाईल. घेणारास ती नको असली तरी जाईल.

दुरुस्ती संपल्यावर पुतणीने एका जाड कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहिले, “यात तांबडे खनिज तेल आहे. ब्रेकचे तेल घालू नये,” आणि तो कागद चिकटविण्यास ती टाकीकडे निघाली. काकूंनी तिला थांबविले, कागद हातात घेऊन दूर धरून वाचला, आणि परत दिला.

“तारीख घाल,” त्या म्हणाल्या. “तारीख नसलेला कागद यांनी कधी कोर्टात नेला नाही.”